पदपथाची दुसरी कड

भर जुलैत, पाऊस कोसळत असताना, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत जाणाऱ्याला बऱ्याच वाटेवर छत्री मिटून ठेवता येते. दोन्ही बाजूंच्या इमारती वेगवेगळ्या मालकांनी, वेगवेगळ्या वास्तुविशारदांकडून बांधून घेतलेल्या आहेत. कुणाची शैली गॉथिक, कुणाची अभिजात युरोपीय, तर कुणाच्या माथ्यावर भारतीय धाटणीचे घुमट. तळमजल्यावर मात्र सगळ्यांनी एक गोष्ट सारखी केली आहे. आपल्याच जागेतली रस्त्याकडची पट्टी त्यांनी कमानींखाली मोकळी ठेवली आणि ती चालणाऱ्याला दिली. हे काही मालकांच्या औदार्याने घडलेले नाही. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली, त्या जागी पुढे हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा हाच रस्ता, आकाराला आला आणि १८९६च्या नियमांनी तिथे तळमजल्यावर सलग कमानी बंधनकारक केल्या. नियम होता म्हणून ती सावली आहे. आज सव्वाशे वर्षांनंतरही, ज्याला त्या नियमाची काही माहिती नाही असा माणूस तिचा लाभ घेत चालतो.

आपली शहरे चालण्याजोगी कशी करावीत, यावर आता बरीच चर्चा होते. ती बहुतेक पदपथाच्या रुंदीवर, फरशीवर, त्यावर चढणाऱ्या दुचाक्यांवर आणि फेरीवाल्यांवर येऊन थांबते. हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण पदपथाला दोन कडा असतात. एक वाहनांच्या बाजूची. तिच्याविषयी आपण बोलतो. दुसरी इमारतींच्या बाजूची; तिच्याविषयी जवळजवळ कुणीच बोलत नाही. चालणे सुखाचे, सुरक्षित आणि रोजच्या सवयीचे होते की नाही, हे या दुसऱ्या कडेवर फार मोठ्या प्रमाणात ठरते, असे माझे म्हणणे आहे. आणि ती कड आज आपल्या शहरांत मरत चालली आहे, ती लोकांच्या बेफिकिरीने नव्हे, तर आपण लिहिलेल्या बांधकाम नियमांमुळे. जे नियमांनी बिघडवले ते नियमांनी सुधारता येते. म्हणून हा विषय सौंदर्यदृष्टीचा नाही, कायद्याचा आहे.

आधी चालणाऱ्याचा वेग लक्षात घेऊ. माणूस ताशी साधारण पाच किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. सहा मीटर रुंदीची दुकाने ओळीने असतील तर दर चार-पाच सेकंदांनी त्याच्यासमोर काही नवे येते: एखादे दार, शिवणयंत्रावर बसलेला कुणी, तळणीचा वास, ओळखीचा चेहरा. आता त्याच जागी शंभर मीटर लांबीची कुंपणभिंत उभी करा. ती ओलांडायला त्याला सव्वा मिनिट लागते, आणि त्या सव्वा मिनिटात काहीही घडत नाही. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी चालवणारा तीच भिंत सात सेकंदांत मागे टाकतो. त्याला ती जाणवतही नाही. आपल्या रस्त्यांच्या कडा ज्या नजरेने आखल्या गेल्या, ती नजर या दुसऱ्या माणसाची आहे. नगररचनाकार यान गेल यांनी कोपनहेगनमध्ये अनेक दशके पायी चालणाऱ्यांचे निरीक्षण केले, त्यातून हेच पुढे आले: दारे-खिडक्यांनी भरलेल्या दर्शनी भागापाशी माणसे वेग कमी करतात, मान वळवतात, थांबतात, कोऱ्या भिंतीपाशी ती पाय उचलून निघून जातात.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, सुरक्षिततेचाही आहे. लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली न्यूयॉर्कच्या अनुभवावरून मांडले की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नाही, तर रस्त्याकडे असलेल्या माणसांच्या नजरेमुळे: दुकानदार, गिऱ्हाईक, वरच्या खिडकीतली आजी. रात्री साडेनऊला क्लास संपवून परतणारी मुलगी दोन रस्त्यांपैकी कुठला निवडते, हे पाहिले तर या विधानाला वेगळा पुरावा लागत नाही. ती औषधांचे दुकान, इस्त्रीवाला आणि वडापावची गाडी असलेला रस्ता निवडते. दिव्यांचा झगमगाट असलेला पण दोन्ही बाजूंनी उंच भिंतींचा रस्ता ती टाळते, भले तो जवळचा असो. तिच्यासाठी इमारतीची दर्शनी बाजू ही संरक्षणाची व्यवस्था आहे.

मग आपल्याकडे ही कड हरवली कशी? त्यासाठी मागे जावे लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट, काळोख्या, हवा न खेळणाऱ्या चाळींमुळे माणसे किती सहज मरतात, हे शहराने पाहिले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२च्या सुमारास घरांतल्या उजेड-हवेचा प्रश्न लावून धरला आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा होता: इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे अंतर समोर मोकळे हवे. इमारतींभोवती सामासिक अंतरे सोडण्याची आपली सगळी परंपरा या विचारातून वाढली. तिने लाखो लोकांचे आयुष्य वाढवले आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

पण इथेच एक फरक करायला हवा, जो आपल्या नियमांनी केला नाही. दोन इमारतींच्या मध्ये आणि मागच्या बाजूला मोकळी जागा सोडली नाही तर खोल्यांना उजेड मिळत नाही, कारण तिथे दुसरा कुठला अवकाशच नसतो. रस्त्याच्या बाजूला मात्र खुद्द रस्ता मोकळा असतो. बारा, अठरा, चोवीस मीटरचा उजेड तिथे आधीच उपलब्ध आहे. म्हणजे बाजूचे आणि मागचे अंतर आरोग्याची गरज आहे. पुढचे अंतर ती गरज नाही. तरीही नियमावलीत तिन्ही एकाच तक्त्यात, एकाच तर्काने बसली आणि रस्ता जितका रुंद तितके पुढचे अंतर जास्त, असे उलटे गणित तयार झाले. जिथे उजेड आणि हवा सर्वांत मुबलक, तिथे इमारतीने सर्वांत मागे सरकायचे.

इमारत मागे सरकली, पण मधल्या पट्टीचे करायचे काय, हे नियमाने सांगितले नाही. ती जागा पदपथाला जोडायची सक्ती नाही. म्हणून मालक पहिली गोष्ट करतो ती कुंपणभिंत बांधण्याची. दीड मीटरची भिंत, त्यावर जाळी, त्यावर पत्रा. आतली जागा मग गाड्यांची होते. व्यापारी रस्त्यावर याच पट्टीचे दुसरे रूप दिसते. पुण्यात ‘फ्रंट मार्जिन’ हा शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण हॉटेलांनी तिथे टाकलेल्या शेड आणि टेबल-खुर्च्या महापालिका अधूनमधून काढते आणि त्या परत येतात. हा खेळ वर्षानुवर्षे चालतो, याचे कारण दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. हॉटेलवाल्याला कळते की या पट्टीचे खरे मोल रस्त्याला भिडण्यात आहे. महापालिकेच्या हाती असलेला नियम ती रिकामी ठेवायला सांगतो. रस्त्याला काय हवे, हे विचारणारा नियम कुणाच्याच हाती नाही.

दुसरे कारण पार्किंगचे. महाराष्ट्रात इमारतीखालचा स्टिल्ट आणि पार्किंगचे पोडियम मजले चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरले जात नाहीत. तळमजल्यावर दुकान, दवाखाना किंवा घर केले तर त्याचा हिशेब द्यावा लागतो. गाड्या ठेवल्या तर ती जागा हिशेबाबाहेर. शिवाय किती घरांमागे किती गाड्यांची सोय हवी, याची किमान सक्ती आहेच. या दोन अटी एकत्र आल्या की विकासकाने काय करावे, हे वेगळे सांगावे लागत नाही. रस्त्याकडचा तळमजला, जो शहराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मजला, तो खांबांमधल्या गाड्यांना जातो. मुंबईत उंच इमारतींखाली असे मजले एकावर एक चढतात आणि रस्त्यावरच्या माणसाला चार-पाच मजले फक्त काँक्रीटच्या जाळ्या दिसतात. पहिला माणूस राहतो तो त्याच्या हाकेच्या पलीकडे. तिथून रस्त्यावर नजर कुणाची असणार?

तिसरे कारण पुनर्विकासाचे. गिरगाव, दादर, लालबाग या भागांतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती रस्त्याला लागून उभ्या आहेत. खाली दुकानांची ओळ, मधून वर जाणारा लाकडी जिना, वर गॅलऱ्या. शंभर मीटरच्या दर्शनी बाजूत तिथे पंधरा-वीस दारे सहज सापडतात. असे अनेक भूखंड एकत्र करून एक मनोरा उभा राहिला की दारांची संख्या दोन-तीनवर येते: एक गाड्या आत जाण्यासाठी, एक बाहेर येण्यासाठी, एक चौकीपाशी माणसांसाठी. जुनी इमारत मोडकळीस आलेली होती आणि रहिवाशांना पक्के घर, स्वतःचे स्वच्छतागृह, लिफ्ट मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पक्के घर देताना रस्ता काढून घ्यावा लागतो, असा कुठलाही वास्तुशास्त्रीय नियम नाही. मनोरा मागे आणि वर उंच जाऊ शकतो. त्याच्या पायाशी, रस्त्याला लागून, दोन मजल्यांची दुकाने, कार्यालये आणि दारे राहू शकतात. नियमाने मागितले तर.

जगात हे मागितले गेले आहे, आणि फार पूर्वीपासून. इटलीतल्या बोलोन्या शहराने १२८८ साली कायदा केला की नवे घर बांधणाऱ्याने रस्त्याकडे कमानींची पडवी ठेवलीच पाहिजे. जागा मालकाची, देखभाल मालकाची, वापर सर्वांचा. त्या कमानी आज शहरभर साठ किलोमीटरच्या आसपास पसरल्या आहेत आणि २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्यासारखाच धो-धो पाऊस आणि कडक ऊन असलेल्या सिंगापूरमध्ये १८२२च्या नगर आराखड्यात प्रत्येक घराने रस्त्याकडे सलग, आच्छादित आणि कायम खुली पडवी ठेवावी, अशी अट घातली गेली. तिथल्या जुन्या दुकानघरांच्या ‘फाइव्ह फूट वे’ त्यातून आल्या. मायामी शहराने २०१०पासून अमलात आणलेल्या नियमावलीत इमारतीचा वापर काय यापेक्षा तिचा आकार आणि रस्त्याशी असलेले नाते आधी येते. दर्शनी बाजूंचे प्रकार नावानिशी ठरवून दिलेले आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आपला नियम म्हणतो, ‘इतके तरी मागे सरका.’ यांचा नियम म्हणतो, ‘इथपर्यंत पुढे या, आणि आलात की रस्त्याला हे द्या.’

आपल्याकडे निम्मे काम सुरू झालेले आहे, हेही सांगायला हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी मागितली आहे आणि इमारतीलगतची पट्टी त्यापेक्षा वेगळी धरली आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला जागा आल्या, मुले तिथे खेळू लागली. तो रस्ता यशस्वी झाला, पण तिथे कडेला आधीपासून दुकाने, उपाहारगृहे, नाट्यगृह, उद्यान होते हे विसरून चालणार नाही. तसाच पदपथ स्टिल्ट आणि कुंपणभिंतींच्या उपनगरी रस्त्यावर केला तर तो रुंद होईल आणि रिकामा राहील. महापालिकेत पदपथ पथ विभाग करतो आणि इमारतीला परवानगी बांधकाम विभाग देतो. एकाच पदपथाच्या दोन कडा दोन विभागांत वाटल्या गेल्या आहेत, आणि दुसऱ्या विभागाला चालणाऱ्याविषयी काही विचारण्याची सक्तीच नाही.

तर नियमात काय असावे? माझ्या मते पहिली गोष्ट निवडीची. प्रत्येक रस्त्याला एकच नियम लावू नये. विकास आराखड्यात पायी चालण्याचे रस्ते नावानिशी जाहीर करावेत: बाजारपेठा, मेट्रो-लोकल स्थानकांकडे आणि बसस्थानकांकडे जाणारे रस्ते, शाळा-रुग्णालयांचे रस्ते. त्या रस्त्यांवर पुढचे सामासिक अंतर एक तर शून्य असावे आणि तळमजल्यावर किमान अडीच-तीन मीटर रुंदीची, कमानींची किंवा खांबांची पडवी सोडावी. नाही तर ते अंतर पदपथाच्याच पातळीला, भिंतीशिवाय, पार्किंगशिवाय सार्वजनिक वापराला खुले असावे. अशा पडवीचे क्षेत्र एफएसआयमध्ये मोजले जाणार नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. गाड्यांना जी सवलत मिळते ती माणसांना मिळायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट तळमजल्याची. या रस्त्यांवर दर्शनी बाजूच्या पहिल्या सहा-आठ मीटर खोलीत गाड्या ठेवायला मनाई असावी. पार्किंग त्यामागे किंवा तळघरात जावे. ठरावीक अंतरावर, समजा दर दहा मीटरला, माणसांचे एक दार असावे. कोऱ्या भिंतीच्या लांबीला कमाल मर्यादा असावी. उंबरा पदपथाच्या पातळीला असावा, म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाबागाडी आत जाऊ शकेल. आजची चार पायऱ्यांची दुकाने कितीतरी लोकांना बाहेरच ठेवतात. गाड्यांचे प्रवेशद्वार भूखंडाला एकच, शक्य असेल तिथे बाजूच्या गल्लीतून, आणि तिथे पदपथ खाली न उतरता सलग जावा. गाडीने चढून यावे. फलक कमानींच्या आत, ठरलेल्या मापात असावेत. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकल्या गेल्या होत्या. त्या शिस्तीत आणण्याची मोहीम तिथल्या दुकानदारांना सोबत घेऊन राबवली गेली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. व्यापारी अशा नियमांना सरसकट विरोध करतात, हा समज त्या कामाने खोटा ठरवला आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप फेरीवाल्यांचा: कमान बांधली की ती लगेच भरून जाईल. ही भीती निराधार नाही. सिंगापूरमध्ये १८८८ साली प्रशासनाने पडव्यांतले दुकानदारांचे सामान हटवायला घेतले तेव्हा दंगल उसळली होती. पण यावर पडवीच नको हा उपाय नाही. रुंदी ठरवतानाच चालण्याची वाट आणि विक्रीची जागा वेगळी आखणे, हा उपाय आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीची चौकट दिलेली आहे. विक्रेता हा रस्त्याच्या नजरेचा भाग आहे. त्याला जागा आखून दिली तर तो वाट अडवत नाही, राखतो.

दुसरा आक्षेप रस्तारुंदीचा: पुढचे अंतर हा उद्याच्या रस्त्याचा राखीव साठा आहे. पण त्यासाठी आराखड्यातली रस्तारेषा आणि महापालिका अधिनियमातले रस्त्याची रेषा ठरवण्याचे कलम २१० आहेच. रुंद करायचा रस्ता आधी ठरवावा आणि इमारत त्या रेषेवर आणावी. प्रत्येक रस्ता कधीतरी रुंद होईल या आशेवर प्रत्येक इमारत मागे ठेवणे म्हणजे सगळ्या शहराला कायमचे प्रतीक्षेत ठेवणे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: इतकी दुकाने चालणार कशी? सगळीकडे दुकानांची सक्ती केली तर बंद शटरांची रांग उभी राहील, आणि ती कुंपणभिंतीपेक्षा बरी नाही. म्हणूनच रस्ते निवडावे लागतील, आणि म्हणूनच सक्ती दुकानाची नसून दाराची आणि खिडकीची हवी. सोसायटीचे कार्यालय, वाचनालय, पाळणाघर, शिकवणी, दवाखाना, तळमजल्यावरच्या घराचा ओटा, हे सगळे रस्त्याला जिवंत ठेवतात. निवासी गल्ल्यांत पुढची बागही ठेवावी. दादरच्या हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत झाडे, कमी उंचीचे कठडे आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या गॅलऱ्या मिळून चालण्याला उत्तम सोबत करतात. पुढे अंतर असणे हा दोष नाही. त्या अंतराने रस्त्याकडे पाठ फिरवणे हा दोष आहे.

२०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता सगळ्या राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या अनेक बाबींवर मतभेद असू शकतात, पण तिने एक मोठी सोय केली आहे: एका ठिकाणी केलेली दुरुस्ती नाशिकपासून सोलापूरपर्यंत लागू होते. म्हणून मागणीही नेमकी करता येते. परवानगीसाठी येणाऱ्या नकाशांत आज सामासिक अंतरांचा हिशेब असतो, पार्किंगचा हिशेब असतो. त्यांच्या शेजारी तिसरा हिशेब सक्तीचा करावा: रस्त्याकडची दर्शनी बाजू, शेजारच्या दोन्ही इमारतींसह काढलेली, तिच्यात माणसांची दारे किती, कोरी भिंत किती मीटर, गाड्यांचे प्रवेश किती, सावली कुठे, हे दाखवणारी. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. आज मंजूर होणारी इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहणार आहे आणि पुनर्विकासाच्या या लाटेत अशा इमारती गल्लोगल्ली उभ्या राहत आहेत. पुढच्या दोन पिढ्या कुठून, कशा आणि किती निर्धास्त चालतील, हे त्या नकाशांवर आत्ता ठरते आहे. सही होण्यापूर्वी हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि तो विचारण्याची जबाबदारी अधिकाऱ्याच्या आवडीवर न सोडता नियमावर टाकली पाहिजे.